शब्दाची सुपारी

फोनवर फोटो आला तेव्हा मी अंगणात शेजाऱ्याच्या पंपाचं इंजिन खोलून बसलो होतो. हात ग्रीसने माखलेले, म्हणून कोपराने फोन सरळ केला आणि वाकून बघितलं. एका बाईच्या तळहातावर सोललेली सुपारी. खाली लिहिलं होतं, ‘काकू, ही ओळखता ना? मग साडेचाराचे पाच हजारांच्या वर कसे झाले?’

काकू म्हणजे माझी बायको, कुंदा. कार्तिकात चार दिवसांच्या तापाने ती गेली होती. आता माघ चालू होता. लिहिणारीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी हात पुसले आणि तो मजकूर परत वाचला. पाच हजार मी कुठेच लिहिले नव्हते. साडेचारच लिहिले होते, आणि पाठवायच्या आधी चष्मा लावून तपासलेही होते.

आमचं घर गुहागरच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून. मागे सुपारीची वाडी आणि वाडीच्या टोकाला दोन खोल्या. खोल्या मी बांधल्या, चालवल्या कुंदाने. मला इंजिनं कळतात, माणसं फारशी कळत नाहीत. आमची मुलगी रेश्मा पनवेलला असते. तिनेच आईला फोनवर ते पाहुण्यांचं अ‍ॅप लावून दिलं होतं. त्यात नाव कुंदाचं आणि फोटोही कुंदाचा. सुपाऱ्यांनी भरलेलं सूप हातात घेऊन हसतेय.

माझे सासरे वाडीचा माल ठरवताना व्यापाऱ्याच्या हातावर एक सुपारी ठेवायचे. ठेवली की भाव ठरला, मग बाजार वर जावो की खाली. कुंदाने ती पद्धत माहेराहून आणली आणि पाहुण्यांना लावली. मनात भरलेला पाहुणा निघाला की त्याच्या हातावर सुपारी ठेवायची आणि पुढच्या खेपेचा भाव सांगून टाकायची. एकदा पुण्याचा एक मुलगा तिला म्हणाला होता, “काकू, आमच्याकडे सुपारी दिली की माणूस मरतो.” कुंदा म्हणाली, “आमच्याकडे दिली की परत येतो.”

विद्या बिडवे ही तशीच एक पाहुणी. बार्शीच्या एका पतपेढीत कामाला होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर येऊन राहिली होती. संध्याकाळी दोघी मागच्या पायरीवर बसून बोलायच्या. विद्याच्या आईने गोधड्या शिवून मुलीला शिकवलं होतं आणि त्या बाईने जन्मात समुद्र बघितला नव्हता. निघताना कुंदाने तिच्या हातावर सुपारी ठेवली आणि सांगितलं, आईला घेऊन ये, दोघी तीन रात्री राहा, जेवणासकट साडेचार हजार, कधीही ये, यात बदल नाही. मी तिथेच उभा होतो. मला तो भाव फार कमी वाटला आणि नंतर मी तसं बोललोही. कुंदा म्हणाली, गोधड्या शिवून माणसाकडे किती उरतात ते तुम्हाला काय माहीत.

कुंदा गेल्यावर मी खोल्या बंद ठेवल्या. पण अ‍ॅप बंद केलं नाही. दुपारी जेवण झालं की फोन घेऊन बसायचो. लोकांनी तिच्याबद्दल लिहिलेलं त्यात होतं, ते वाचायचो. शिवाय तिला लिहिणारे अजून होते. काकू, कोकम आहे का. काकू, मेमध्ये जागा मिळेल का. काकू, आमची मुलगी अजून तुमच्या घावनांची आठवण काढते. मी उत्तर द्यायचो, खोल्या सध्या बंद आहेत. त्याच्या पुढे काही लिहायचो नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं की ती गेली. दारावर येणारा प्रत्येक जण ते तोंडावर घेऊनच यायचा. त्या फोनमध्ये मात्र ती अजून होती, आणि तिथून तिला काढायला माझा हात होत नव्हता.

मग विद्याचं आलं. ‘काकू, मी बार्शीची विद्या. आईला घेऊन येतेय. तुमचा शब्द आहे ना अजून?’

त्यावर खोल्या बंद आहेत असं मला लिहवेना. शब्द कुंदाने दिला होता. मी लिहिलं, ‘ये. भाव तोच.’ शेजारच्या सुगंधावहिनींना विचारलं, तीन दिवस दोन बायकांचं जेवण कराल का. त्या हो म्हणाल्या. मोठी खोली उघडून झाडली, गाद्या उन्हात टाकल्या. अ‍ॅपमध्ये एखाद्याच पाहुण्याला वेगळा भाव द्यायची सोय होती, स्पेशल ऑफर म्हणून. त्यात मी साडेचार हजार लिहून पाठवले. आणि त्याचं उत्तर म्हणून ही सुपारी आली.

मी रेश्माला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाबा, तुम्ही साडेचारच लिहिलेत?”

“मग किती लिहायचे? भाव तेवढाच आहे.”

तिने समजावून सांगितलं. आपण लिहितो तो आपला भाव. त्याच्यावर कंपनी पाहुण्याकडून स्वतःचं शुल्क घेते, त्याच्यावर कर लागतो. शिवाय आपल्याला मिळतात त्यातूनही थोडं कापते. पाहुण्याला शेवटचा आकडा दिसतो, आपल्याला आपलाच दिसतो. खास भाव दिला म्हणून कंपनी तिचं सोडत नाही.

“मग तुझी आई कशी जमवायची?”

“आई आधीच कमी लिहायची. पहिल्या वर्षी एकाने तिला विचारलं होतं, बोललात एक आणि घेता एक असं का. दोन दिवस जेवली नव्हती नीट. तेव्हापासून ती मला फोन करून विचारायची, रेश्मा, अमुक लिहिलं तर तिकडे किती दिसेल? पाहुण्याच्या पदरी बरोबर तिने सांगितलेलाच आकडा पडायला हवा. मधलं सगळं ती सोसायची.”

हे मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

रेश्मा म्हणाली होती की संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर हिशेब करून सांगते. मला तेवढा दम निघाला नाही. तिकडे ती बाई कुंदाला खोटी समजत बसली होती. मी पहिली ऑफर मागे घेतली आणि अंदाजाने कमी करून दुसरी पाठवली. पंपात तेल किती हवं ते मला अंदाजाने कळतं. हे कळलं नाही. फार कमी केले. सगळी शुल्कं धरूनही आकडा साडेचाराच्या बराच खाली गेला. पाठवल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, कमी पडले तर कोण रागावतं.

थोड्या वेळात उत्तर आलं. ते मला आजही पाठ आहे. ‘काकू, आधी वाढवलेत, मी विचारल्यावर एवढे उतरवलेत. मी घासाघीस करत नव्हते. तुमच्या शब्दाचं विचारत होते. आईला मी दोन वर्षं सांगत होते की तिकडे एक बाई आहेत, त्या बोलतात तेच करतात. राहू द्या. आम्ही दुसरीकडे बघतो.’

मी लगेच लिहिलं, तसं नाही. पुढे काय लिहावं ते सुचेना. माझा नंबर टाकला, म्हटलं फोनवर बोलू. पण तिकडे नंबर जात नाही, त्याच्या जागी ठिपके दिसतात. विद्याकडून काही आलं नाही. 

संध्याकाळी रेश्माला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तिला सरळ लिहा ना बाबा, आई गेली म्हणून. ऑफर मी पाठवली, आईने नाही, एवढंच लिहा.”

“आणि मग?”

“मग ते खातं बंद करावं लागेल. आईच्या नावावर आहे. खरं तर आधीच करायला हवं होतं. मी सगळं उतरवून ठेवलंय, लोकांनी लिहिलेलं. तुम्हाला छापून देईन.”

मी म्हटलं, बघू.

“काय बघू? आईचं नाव खराब होतंय तिकडे. ते चालतं तुम्हाला?”

मी फोन ठेवला. छापलेल्या कागदाचं मी काय करणार होतो? त्यात जुनंच असणार. नवीन माणूस त्यातून तिला काकू म्हणून हाक मारणार नव्हता. हे पोरीला कसं सांगायचं ते मला समजत नव्हतं, कारण ती तिचीही आई होती आणि तिने ते मनावर दगड ठेवून केलं होतं.

दोन दिवस मी विद्याला लिहायला बसत होतो. ‘कुंदा’ एवढं लिहून व्हायचं. पुढचा शब्द उमटायचा नाही. मग माझ्या मनात एक पळवाट आली. जास्तीचे पैसे कंपनीचे, तर कंपनीनेच त्या बाईला सांगावं. कुंदाने वाढवले नाहीत, आमचं शुल्क आहे, एवढं त्यांनी कळवलं की कुंदाचं नाव स्वच्छ राहील आणि मला काही लिहावं लागणार नाही. रेश्माकडून कंपनीचा नंबर घेतला. कशाला ते सांगितलं नाही.

बराच वेळ गाणं वाजलं. मग एका मुलीने हिंदीत विचारलं, काय अडचण आहे. माझं हिंदी ऐकून तीच मराठीवर आली. म्हणाली, मी अकोल्याची आहे, काका, बोला. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मग म्हणाली की खातं कुंदा तोडणकर यांच्या नावावर आहे, त्यामुळे शुल्काबद्दल तिला त्यांच्याशीच बोलावं लागेल.

“मी तिचा नवरा. दत्ताराम तोडणकर.”

“हो काका, पण नियम आहे. मॅडमना फोन देता का?”

“ती इथे नाही.”

“बाहेर गेल्यात का? काही हरकत नाही. कधी येतील तेवढं सांगा, मी तेव्हा फोन करते.”

मी ओटीवर उभा होतो. समोर दोरीवर सुगंधावहिनींनी धुतलेल्या चादरी होत्या, विद्या आणि तिच्या आईसाठी काढलेल्या. उद्या येईल म्हटलं असतं तर चाललं असतं. उद्या परत फोन आला असता, मी परत उद्या म्हटलं असतं. पण तेवढे दिवस त्या बार्शीच्या घरात कुंदा खोटं बोलणारी बाई म्हणून राहिली असती. मी लोकांना जे सांगत नव्हतो त्याचा भुर्दंड तिच्या नावावर पडत होता.

“येणार नाही,” मी म्हटलं. “ती वारली. कार्तिकात.”

मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला कल्पना नव्हती हो काका.”

“तुला कशी असेल?”

“पण आता हे मला नोंदवावं लागेल.”

“नोंदव. फक्त त्याच्याआधी त्या बाईला कळव की जास्तीचे पैसे कुंदाने मागितले नव्हते. ते तुमचे होते.”

ती म्हणाली की तशी सोय नाही, पाहुण्याला कंपनी असं काही लिहीत नाही. मी दोनदा विचारलं. तिने दोनदा तेच सांगितलं, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मग तिने विचारलं, “जेवलात का?” मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

मी मनाशी ठरवलं, आता विद्याला लिहायचंच. एकदा तोंडाने बोललो होतो, तर हाताने लिहिताही येईल. हातपाय धुऊन, चष्मा लावून बसलो. पण अ‍ॅप उघडेना. परत परत पासवर्ड विचारत होतं आणि टाकला की काही कारणासाठी खातं थांबवलंय असं दाखवत होतं. कुंदाचा फोटोही दिसत नव्हता. तिची जागा गेली आणि विद्याला सांगायचं ते राहूनच गेलं. दोन्ही हातचं घालवून मी बसलो.

रेश्माला कळल्यावर ती फोनवर रडली. मला ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडली नाही. म्हणाली, मी बार्शीच्या पतपेढ्यांना फोन करून बघते, कुठेतरी सापडेल ती. पण कुठल्या पतपेढीत ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. कुंदाला आठवलं असतं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी मागे स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तो शेजाऱ्याचा पंप परत जुळवत होतो. पुढच्या बाजूला रिक्षा थांबल्याचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली आणि अंगणातून एक बाई मोठ्याने म्हणाली, “काकू!”

मी पाना हातात धरून तसाच बसून राहिलो.

थोडा वेळ गेला. परत हाक आली, आधीपेक्षा मोठी. “काकू, आहात का घरात?”

तेव्हा मी उठलो आणि घराला वळसा घालून पुढे गेलो. विद्याच होती. फाटकाशी रिक्षात एक म्हातारी बाई बसली होती. विद्याने माझ्याकडे बघून मान हलवली, पण चेहरा कडक होता. म्हणाली, “काका, काकूंना बोलवा. त्यांच्याच हातात द्यायचंय.” तिने मूठ उघडली. तीच सुपारी. आईचं सामान बांधून झालं होतं, रजा मंजूर झाली होती, म्हणून गुहागरात दुसरीकडे खोली घेऊन त्या कालच आल्या होत्या. आणि शब्द मोडला तर सुपारी परत करायची असते, एवढं सांगायला ती रिक्षा करून आली होती.

मी म्हटलं, “ऑफर मी पाठवली होती. दोन्ही मीच. मला त्या शुल्काचं ठाऊक नव्हतं. कुंदाला ठाऊक होतं, ती वजा करून लिहायची.”

“मग त्यांनी का नाही लिहिलं?”

“ती कार्तिकात गेली.”

विद्याने मूठ मिटली. पायरी बघितली आणि तिच्यावर बसली. मग म्हणाली, “पण तुम्ही ‘ये’ म्हणून लिहिलंत. मला वाटलं...” आणि तोंडाला पदर लावला.

रिक्षातली म्हातारी उतरून काठी टेकत आली. तिने सगळं ऐकलं होतं. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “म्या सांगत हुते, रागानं कुणाच्या दारात जाऊ नगं.” मग माझ्याकडे वळली. “दादा, पानी हाय का?”

मी पाणी आणलं. विचारायचं म्हणून विचारलं, समुद्र बघितला का. म्हातारी म्हणाली, “दिसला काल. लई मोठा हाय. पर ह्या पोरीचं तोंड वाकडं, मग नीट कुठला बघतीय?”

मी मोठ्या खोलीचं कुलूप काढलं. गाद्या घातलेल्याच होत्या. कोणी काही विचारलं नाही. विद्या रिक्षाने जाऊन गुहागरातलं सामान घेऊन आली.

त्या तीन रात्री राहिल्या. सुगंधावहिनी जेवण आणून द्यायच्या. म्हातारी सकाळ-संध्याकाळ वाडीतून चालत पुळणीवर जायची आणि पाण्यापासून जरा लांब बसून राहायची. एका संध्याकाळी मी तिला आणायला गेलो, तर मला म्हणाली, “बस जरा.” मी बसलो. तिने मला कुंदाबद्दल काही विचारलं नाही. स्वतःचंच सांगितलं. “आमचं मालक गेलं तवा म्या वरीसभर त्यांच्या धोतराची घडी मोडली न्हवती. ट्रंकत तशीच. वाटायचं, मोडली म्हंजे गेलं.”

“मग?”

“मग एक दिस काडली आन् गोधडीत घातली. आता पांघरतीय की.”

अंधार पडायच्या आत आम्ही परत आलो.

निघायच्या दिवशी विद्याने पैसे दिले. साडेचार, कमी नाही, जास्त नाही. मला ते घ्यायला जड गेलं, पण घेतले. नाहीतर परत कुंदाचा शब्द फिरला असता. मग तिने सुपारी पुढे केली. ती आता परत करायला नव्हती काढली, काय करावं ते तिला कळत नव्हतं एवढंच. मी तिची मूठ मिटवली. म्हटलं, “तुझ्याकडेच राहू दे. भाव तोच.” असं मी तोवर कोणाला कधी म्हटलं नव्हतं. ते कुंदाचं काम होतं.

रिक्षा आली. पिशव्या चढवून झाल्या. विद्या परत पायरीपाशी आली.

“काका, एक विचारू? त्या दिवशी मी पहिली हाक मारली तेव्हा तुम्ही मागेच होतात ना?”

“होतो.”

“ऐकू आली होती?”

“आली होती.”

“मग लगेच का नाही आलात?”

खरं सांगायला आता काही अडचण नव्हती. मी म्हटलं, “परत मारतेस का, बघत होतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रिक्षाकडे गेली, आईला नीट बसवलं, स्वतः एक पाय रिक्षात ठेवला आणि मागे वळली. माझ्याकडे बघितलं नाही. उघड्या दारातून आत स्वयंपाकघराकडे बघत मोठ्याने म्हणाली, “काकू, येते हं मी.”